आजोबांचा जुना पत्ता

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



धम्मावर बोलणारी जाणती मंडळी व्यासपीठावर आहेत. आम्हाला कमिटीने सांगितले की, तुमच्या घरातल्या कागदांची हकीगत सांगा. तेव्हा तेवढीच सांगतो.

२०१९ साली आमच्या पुतणीला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळत होता, पण जातवैधता प्रमाणपत्र नव्हते. हा फेरा आपल्यातल्या पुष्कळ घरांनी मारलेला आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरतात. त्याआधीचा, जात आणि राहण्याचे ठिकाण दाखवणारा कागद असला तर काम सोपे होते. १९५६ साली आपण धम्म स्वीकारला, १९९० मध्ये केंद्राने बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले. पण पुरावा द्यायची वेळ आली की आपल्याला पुन्हा त्या टाकून दिलेल्या नावाशीच जाऊन उभे राहावे लागते. काय करणार!

आमचे आजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईला गिरणीत आले. घरात लहानपणापासून ऐकत आलो की, आजोबा बाबासाहेबांच्या चाळीत राहत. म्हणजे परळच्या पोयबावडीची बी.आय.टी. चाळ नंबर १. दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ या बाबासाहेबांच्या खोल्या. १९३४ पर्यंत ते तिथे होते, मग दादरच्या राजगृहात गेले. वडील ही गोष्ट प्रत्येक जयंतीला सांगत. तेव्हा आम्हाला वाटले, पत्ता तर माहीतच आहे, कागद आज ना उद्या मिळेलच.

पत्र्याची पेटी उघडली. गिरणीचा पास निघाला, त्यावर तिकीट नंबर होता. पण १९८२ च्या संपानंतर ती गिरणी पुन्हा नीट चाललीच नाही, ऑफिस कुणाला विचारणार? ग्रंथालयात जुन्या मुंबईच्या डिरेक्टऱ्या पाहिल्या. त्यात साहेब लोक, शेटजी, वकील, डॉक्टर. एका खोलीत दहा-बारा जण राहणारे गिरणी कामगार त्यात कशाला येतील? जनगणनेत आजोबांची मोजणी झालीच असेल, पण घरोघरची माहिती कायद्याने गुप्त. मग गावाकडे गेलो. जन्ममृत्यूच्या नोंदींचे कोतवाल बुक तहसिलीत असते. मोडी वाचणारे एक गुरुजी सोबत नेले. पण नेमक्या आमच्या सालांची पाने हात लावताच भुगा होत होती.

गुरुजी परतताना म्हणाले, "तुम्ही नाव चुकीचे शोधताय." त्याकाळी आपल्या लोकांच्या नावापुढे 'नाक' लागत असे. कोरेगावच्या स्तंभावर कोरलेली नावे पाहा, त्यात ते दिसते. आणि आडनाव बहुतेक ठिकाणी नाहीच. बाबासाहेबांचेच बघा ना. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव घातले, रजिस्टरला १९१४ हा क्रमांक, आणि नाव काय तर भिवा रामजी आंबेडकर. भीमराव म्हणून शोधणाऱ्याला ते लवकर सापडले नसते.

मग मुंबईत पालिकेच्या जुन्या नोंदी नव्या नावाने पाहायला सुरुवात केली. तीन-चार खेपा तर "साहेब जागेवर नाहीत" यातच गेल्या. शेवटी एका वयस्क कारकुनाने मनावर घेतले आणि साल-साल काढून दिले. १९३८ च्या मृत्यूच्या नोंदीत आजोबांचे नाव सापडले, शेवटी 'नाक' लावलेले. पण मृत्यू त्यांचा नव्हता. मृताच्या नावाच्या जागी नुसते 'मुलगी'. वय नऊ दिवस. कारण ताप. जात हिंदू महार. आणि पत्ता डिलाईल रोड, बी.डी.डी. चाळ, खोलीच्या नंबरासकट.

बारशाआधीच गेलेली ही आमची आत्या. वडिलांना आपल्याला थोरली बहीण होती हेच ठाऊक नव्हते. आजी नव्वदीपर्यंत जगली, पण तिने कधी शब्द काढला नाही. त्याच नोंदीच्या दाखल्यावर आणि वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रावर पुतणीचे प्रमाणपत्र झाले. आज ती नोकरीला आहे.

वडिलांना मात्र दुसराच धक्का बसला. पोयबावडी कुठे आणि डिलाईल रोड कुठे! दोन दिवस ते बोलले नाहीत. आम्ही त्यांना समजावले की, लग्नाआधी आजोबा गाववाल्यांच्या खोलीत राहिले असतील. भाड्याची पावती ज्याच्या नावावर खोली, त्याच्याच नावाने फाटायची, बाकीच्यांची नोंद कशाला होईल? असेही असेल, तसेही असेल. पण जयंतीच्या सभेत आता ते "चाळीत राहत" म्हणत नाहीत, "चाळीत जात-येत" म्हणतात. आम्हाला त्यांचा हा प्रामाणिकपणा मोठा वाटतो.

तुम्हाला एक विनंती. डिलाईल रोडचा ना. म. जोशी मार्ग होऊन कैक वर्षे झाली, जेकब सर्कलला आता गाडगेबाबांचे नाव आहे. बी.डी.डी. चाळी पाडून टॉवर उठत आहेत. घरातल्या म्हाताऱ्यांना रस्त्यांची जुनी नावे आजच विचारून ठेवा. भाड्याच्या पावत्या, रेशन कार्डे, शाळेचे दाखले रद्दीत घालू नका. आणि शोधताना जिवंत माणसांच्याच नोंदी पाहून थांबू नका.

आमच्या वंशावळीत त्या आत्याचा रकाना आता आहे. आमच्या मातोश्री म्हणतात, तिला एखादे नाव द्या. वडील म्हणतात, जे आईने ठेवले नाही ते आपण कसे ठेवायचे? अजून ठरलेले नाही. तूर्त तिथे '१९३८, नऊ दिवस, डिलाईल रोड' एवढे लिहिले आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.