लू, आंधी आणि हवामानाचे पत्रक



उत्तर हिंदुस्थानातील मैदानाचा उन्हाळा हा विषय मी घेतला, तेव्हा एका स्नेह्यांनी मला विचारले, "आपल्या गावचे ऊन काय कमी पडले, म्हणून तिकडचे आणता?" प्रश्न वाजवी आहे. पण मे महिन्यात आपल्यापैकी कितीतरी मंडळी काशी-प्रयागला निघतात. कोणाचा मुलगा दिल्लीस, कोणाची लेक ग्वाल्हेरीस असते. शिवाय हवामानाचे जे पत्रक आपण वर्तमानपत्रात वाचतो, ते याच नियमांनी तयार होते. ते नियम नीट तपासावयाचे तर या मैदानासारखी जागा नाही.

राजस्थानच्या कडेपासून बंगालपर्यंत पसरलेल्या या प्रदेशासाठी मे महिन्यात असे पत्रक अनेकदा निघते : येते तीन दिवस उष्णतेची लाट, तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजा व धुळीचे वादळ. वाचणारा हसतो. त्याला वाटते, ऊनही म्हणायचे आणि पाऊसही म्हणायचे, म्हणजे दोहोंपैकी काहीतरी खरे ठरणारच! मला आज या पत्रकाची बाजू मांडावयाची आहे. ऊन आणि वादळ ही दोन परस्परविरोधी भाकिते नव्हेत. एकाच गोष्टीची ती दोन अंगे आहेत.

मैदानाची रचना पाहा. उत्तरेस हिमालयाची भिंत, पश्चिमेस थरचे वाळवंट, आणि समुद्र लांब. एप्रिल-मेमध्ये सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. पश्चिमेकडून वाळवंटावरून तापून आलेला कोरडा वारा दिवसभर वाहतो, तीच लू. तिकडची माणसे कैरी भाजून तिचे पन्हे पितात, ते हौसेसाठी नव्हे. रोहिणी नक्षत्रात सूर्य शिरला की पहिल्या नऊ दिवसांना 'नवतपा' म्हणतात. राजस्थानात फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तपमान नोंदले गेले.

पण त्याच वेळी दुसरीकडून, बंगालच्या उपसागरावरून, दमट हवा जमिनीलगत गंगेच्या खोऱ्यात वर वर सरकत असते. तिच्यावर पश्चिमेच्या उष्ण कोरड्या हवेचा थर बसतो. भाताच्या पातेल्यावर घट्ट झाकण ठेवावे तसे होते. खाली जाळ चालू, आत वाफ कोंडलेली. जोवर झाकण हलत नाही तोवर लाट असते. आकाश निरभ्र आणि पारा चढता. मग भूमध्य समुद्राच्या बाजूने आलेला एखादा पश्चिमी विक्षोभ माथ्यावरून जातो, किंवा दुपारच्या तापाने हवाच उसळी घेते, आणि झाकण एखाद्या ठिकाणी उडते. दमट हवा वर जाते, तिच्यातील वाफेचे पाणी होते. पाणी होताना वाफ आपली उष्णता सोडते व त्या उष्णतेने हवा आणखी वर जाते. तासाभरात बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. म्हणजे जितका ताप अधिक, तितका वादळास मसाला अधिक. आपल्याकडचा वळीव याच घराण्यातला आहे.

पुढचा भाग अधिक मौजेचा. ढगातून पाऊस सुटतो, पण पश्चिमेकडे खालची हवा इतकी कोरडी असते की थेंब वाटेतच आटतात. आटताना ते हवेला गार करतात. गार हवा जड. ती धाडकन खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. त्या लोटाने उठलेली धूळ म्हणजे आंधी. दिल्लीस किंवा आग्र्यास भर दुपारी दिवे लावावे लागतात, ते यामुळे. बंगालमध्ये खालची हवा दमट असल्याने थेंब जमिनीपर्यंत पोचतात, आणि छोटा नागपूरच्या पठाराकडून येणारे तेच वादळ तेथे 'कालबैशाखी' या नावाने सडकून पाऊस देते.

आता पत्रकातील शब्दांकडे वळू. आपण ते सैल समजतो, पण ते मोजून वापरलेले असतात. मैदानी प्रदेशात तपमान निदान ४० अंशांवर जावे आणि नेहमीच्या सरासरीहून साडेचार अंश किंवा अधिक असावे, तेव्हा लाट म्हणावयाची. फरक ६.४ अंशांच्या पुढे गेला तर ती तीव्र लाट. सरासरी काहीही असो, पारा ४५ ला पोचला की लाट, ४७ ला पोचला की तीव्र. तेही एका विभागातील किमान दोन ठिकाणी आणि लागोपाठ दोन दिवस घडले पाहिजे. 'तुरळक ठिकाणी' याचाही अर्थ ठरलेला आहे : त्या विभागातील शंभर केंद्रांपैकी पंचविसांपर्यंत. म्हणजे उरलेली पंचाहत्तर कोरडी राहिली तरी पत्रक खरेच ठरते. आपल्या अंगणात पाऊस पडला नाही म्हणून हवामान खात्याला नावे ठेवणाऱ्यांनी एवढे हिशेबात धरावे. झाकण नेमके कोणत्या गावावर उडेल हे तीन दिवस आधी सांगता येत नाही. ढग उभा राहिला की रडार त्याला पाहते, आणि पुढल्या दोन-तीन तासांचा इशारा देता येतो.

हे खाते १८७५ साली स्थापन झाले. योगायोग असा की, न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेही १८७५ सालीच. १९२८ साली खात्याचे मुख्य ठिकाण सिमल्याहून पुण्यास आले. पुणेकर त्या इमारतीला 'सिमला ऑफिस' म्हणतात ते त्यामुळेच. पुढे मुख्य ठिकाण दिल्लीस गेले. खाते चुकत नाही असे नव्हे. २९ मे २०२४ रोजी दिल्लीत मुंगेशपूर येथील यंत्राने ५२.९ अंश दाखवले आणि देशभर गवगवा झाला. तपासणीअंती ते यंत्र सुमारे तीन अंश जास्त दाखवीत होते असे निघाले, व खात्याने ते जाहीर केले. मला यात खात्याची अब्रू गेली असे वाटत नाही.

परंतु श्रोतेहो, माझी खरी चिंता वेगळी आहे. पत्रक खरे ठरूनही माणसे मरतात. मे २०१८ च्या आरंभी एका रात्रीच्या आंधीत राजस्थान व उत्तर प्रदेश मिळून शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यांत आग्रा भागाला मोठा तडाखा बसला. कितीजण तर घराच्या भिंती आणि छपरे अंगावर कोसळून गेले. वाऱ्याने माणूस मारला असे आपण म्हणतो. पण तोच वारा पक्क्या घरावरूनही गेला होता.

उन्हाचेही तेच. घाम वाळतो तेव्हा शरीर गार होते, एवढेच आपले यंत्र. हवा दमट झाली की घाम वाळत नाही. म्हणून बिहारचे ४२ अंश कधी कधी राजस्थानच्या ४६ अंशांहून जड जातात. रात्री पारा उतरला नाही तर शरीराला विसावा मिळत नाही, आणि पत्र्याखाली झोपणाऱ्याला तो मुळीच मिळत नाही. १ जून २०२४ रोजी मतदानाच्या शेवटच्या फेरीत उत्तर प्रदेशात निवडणुकीच्या कामावरील ३३ जण उन्हाने गेल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले. लाटेचा इशारा त्यांनीही वाचला असेल. पण "आज ऊन आहे, मी येत नाही" असे म्हणण्याची सोय त्या कामात नव्हती. वीटभट्टीवरच्या मजुराला ती कधीच नसते. 'दुपारी १२ ते ३ घराबाहेर पडू नये' हा उपदेश आपल्यासारख्या पंख्याखाली बसणाऱ्यांना फुकट मिळतो. रोजावरच्या माणसाला त्याची किंमत अर्ध्या दिवसाची मजुरी पडते. ती कोणी भरून द्यावयाची, हे पत्रकात नसते. ते नगरपालिकेने आणि मालकाने ठरवावयाचे असते.

आणि ठरविता येते. मे २०१० मध्ये अहमदाबादेत भयंकर लाट आली. नेहमीच्या मानाने त्या महिन्यात १,३४४ मृत्यू अधिक झाल्याचे अभ्यासकांनी काढले. २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेसाठी स्वतंत्र योजना आखली. इशारा आला की कोणी कोणास कळवावे, रुग्णालयांनी काय तयार ठेवावे, पाण्याची सोय कोठे करावी, हे त्या योजनेत आधीच लिहून ठेवले. देशातली ती पहिली अशी योजना. आपल्या गावच्या पालिकेपाशी असा कागद आहे काय, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. मोंढ्यात हमाल दुपारी दोनला पोती उचलतात, ते मी सांगावयास नको.

आता विजेविषयी, कारण वळवाचे दिवस तोंडावर आहेत. आपल्या देशात विजेने दरवर्षी दोन हजारांवर माणसे मरतात. २५ जून २०२० रोजी एकट्या बिहारात एका दिवसात ऐंशीहून अधिक गेली. बहुतेक शेतात होती, कारण भातलावणीचे दिवस होते. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. तिनाने भागले की किलोमीटर निघतात. तीस मोजण्याआधी आवाज आला तर शेत सोडून पक्क्या घरात जावे. बंद मोटारही चालते. एकट्या झाडाखाली मात्र उभे राहू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेले 'दामिनी' हे ॲप आसपासच्या विजेची सूचना मोबाइलवर देते. घरात एकाकडे जरी ते असले तरी शेतावरच्या माणसाला हाक मारता येते.

एक गैरसमज खेड्यांतून अजून आहे. वीज पडलेल्या माणसाला शिवले तर आपल्यालाही झटका बसतो, असे लोक समजतात व दूर उभे राहतात. त्याच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही. पुष्कळदा त्याचे हृदय आणि श्वास तेवढे बंद पडलेले असतात. आधी त्याला आणि स्वतःला आडोशाला न्यावे, श्वास नसेल तर लगेच छाती दाबावयास सुरुवात करावी, आणि १०८ ची गाडी येईपर्यंत हात थांबवू नयेत.