रिकाम्या रकान्याचे उत्तर



संगणकातल्या नोंदींविषयी काही विचारले आणि भलतेच उत्तर आले, की लोक म्हणतात, ‘यंत्र बिघडले.’ आमचा अनुभव असा, की बहुधा यंत्र ठीक असते. आपण मनात एक धरतो आणि विचारतो दुसरेच.

समजा, एका गावात 400 बालके आहेत. त्यांची एक वही. त्यांपैकी 350 जणांना लस टोचली. त्या नोंदींची दुसरी वही. दोन्ही संगणकात आहेत. आपण विचारतो, पहिल्या वहीतले कोणते क्रमांक दुसरीत नाहीत? अपेक्षा 50 नावांची. उत्तर येते, एकही नाही! परिचारिका निश्चिंत होते आणि 50 बालके लसीवाचून राहतात.

हे घडले कसे? दुसऱ्या वहीतल्या एका नोंदीत बालकाचा क्रमांक लिहायचा राहिला होता. एडगर कॉड यांनी 1970 साली मांडलेल्या कल्पनेतून पुढे एसक्यूएल ही भाषा निघाली. तीत अशा रिकाम्या रकान्याला ‘नल’ म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे ‘ठाऊक नाही’. 17 क्रमांकाचे बालक या वहीत नाही ना, असे विचारले, की यंत्र नलपाशी अडते. तो न लिहिलेला क्रमांक 17 च असला तर? ‘होय’ म्हणवत नाही, ‘नाही’ही म्हणवत नाही, आणि ठाम ‘होय’ आल्यावाचून यंत्र नाव देत नाही. प्रत्येक बालकाची हीच गत!

मग शोध कसा घ्यावा? आधी दोन्ही वह्यांतील नोंदी मोजाव्या. लस न घेतलेले एक ओळखीचे मूल घेऊन त्याच्यापुरतेच विचारून पाहावे. मोठ्या प्रश्नाचे तुकडे करून एकेकाचे उत्तर तपासावे. रिकामे रकाने हुडकावे. मग ती नोंद वगळून, किंवा ‘नॉट इन’ऐवजी ‘नॉट एक्झिस्ट्स’ योजून, पुन्हा विचारावे. आता 51 नावे येतात.

पन्नास नव्हे, एकावन्न! त्यांतल्या एकाला लस मिळालेली आहे. पण कोणाला, हे यंत्राला कसे कळावे? त्यासाठी परिचारिकेला वही घेऊन घरोघर जावे लागेल. तेव्हा मंडळी, उत्तर चुकीचे आले तर आपण शोधाला लागतोच. मनासारखे आले, तरी एकदा मोजून पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.