अशिलाचें नांव

कर्जतहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर कशेळें हें गांव आहे. भोंवतालच्या ठाकूर व कातकरी वाड्यांतील माणसें बाजाराला, दवाखान्याला येथें येतात. कोर्टाचें काम निघालें म्हणजे मात्र कर्जतची वाट धरावी लागते. तेथें तालुका विधि सेवा समिति आहे. विधि सेवा प्राधिकरणाचा १९८७ चा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलांत आला. त्याच्या बाराव्या कलमान्वयें अनुसूचित जमातीचा मनुष्य, स्त्री, बालक, वेठबिगारींत सांपडलेला मजूर इत्यादिकांस, त्यांचें उत्पन्न न पाहतां, सरकारी खर्चानें वकील मिळूं शकतो.

श्रोत्यांनीं क्षणभर असें कल्पावें कीं, वीटभट्टीवरून परतलेली एक कातकरी बाई, उचलीच्या पैशांपायीं अडकवून ठेवल्याची तक्रार घेऊन या समितीकडे आली. दुसऱ्याच दिवशीं एक वार्ताहर विचारतो : बाई कोणत्या वाडीची? वय काय? भट्टी कोठली? विचारणाराचा हेतु बहुधा चांगलाच असतो. वेठबिगारी उजेडांत आणण्याचें श्रेय वृत्तपत्रांनाही आहे. परंतु तीस-चाळीस घरांच्या वाडींत नुसतें नांव गाळून भागत नाहीं. वाडी, वय आणि भट्टी छापली कीं नांव छापल्यासारखेंच झालें. मुंबईच्या वाचकाला ती कोणी एक अनाम स्त्री वाटेल. मुकादमाला ती कोण हें तत्काळ कळेल, आणि पुढल्या दिवाळीनंतर उचल कोणाला द्यावयाची नाहीं हेंही तो ठरवून टाकील.

वकिलापाशीं सांगितलेलें गुपित वकिलाचें नव्हे, अशिलाचें असतें. १८७२ च्या पुरावा कायद्यांतील हें तत्त्व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३२ व्या कलमांत कायम आहे. अशिलाच्या स्पष्ट संमतीवांचून तें फोडतां येत नाहीं. काम संपल्यावरही नाहीं. गुन्हा करण्यासाठींच सल्ला मागितला असेल तर गोष्ट वेगळी. वकिलाचा कारकून व दुभाषी यांनाही हें बंधन आहे. दुभाष्याचा उल्लेख विशेष महत्त्वाचा. कारण बाईची बोली वकिलाला उलगडून सांगणारा मनुष्य बहुधा त्याच पंचक्रोशींतला असतो, आणि गुपित कचेरीपेक्षां चहाच्या टपरीवरच अधिक फुटतें. बार कौन्सिलचा छत्तिसावा नियम, वकिलानें आपण चालविलेल्या खटल्यासंबंधीं वृत्तपत्रांत मजकूर किंवा स्वतःचें छायाचित्र छापवून जाहिरात करण्यास मनाई करतो. कांहीं वकिलांना तो जाचक वाटतो; वाटूं द्यावा.

नांव एकदा बाहेर पडलें म्हणजे काय होतें, याचें उदाहरण महाराष्ट्रांतच आहे. मार्च १९७२ मध्यें, त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यांत, देसाईगंज पोलीस ठाण्यांत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयानें १९७८ मध्यें दोघां पोलिसांना निर्दोष ठरविलें. १९७९ मध्यें उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार व वसुधा धागमवार यांनीं सरन्यायाधीशांस उघडें पत्र लिहिलें, देशभर चळवळ झाली, आणि १९८३ च्या दुरुस्तीनें अशा पीडितेची ओळख छापणें हा गुन्हा ठरला. आज तेंच बंधन भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमांत असून शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैदेची आहे. पण जिच्यामुळें हा कायदा झाला, तिचें नांव खटल्यास चिकटलें तें चिकटलेंच; कायद्याचे विद्यार्थी आजही तें घोकतात. येथें तें घेतलेलें नाहीं.

मग कचेरीनें वार्ताहराला दारांतूनच परतवावें काय? मुळींच नाहीं. उघड न्यायालयांत झालेला आदेश, पुढची तारीख हें सांगण्यास प्रत्यवाय नसतो. सुनावणी बंद दालनांत असेल तर मात्र तेंही नाहीं. फुकट वकील कोणाला मिळतो, १५१०० या क्रमांकावर विचारणा कशी करावी, हें तर अगत्यानें छापून यावयास हवें. किती अर्ज आले, किती फेटाळले, हा हिशेब दडविण्यासाठीं गुप्ततेची सबब पुढें करणें मात्र शुद्ध लबाडी होय.

अशील स्वतःच बोलूं इच्छीत असेल तर तिला अडविण्याचा अधिकार कचेरीला नाहीं. अत्याचाराच्या प्रकरणांतसुद्धां सज्ञान पीडितेनें स्वेच्छेनें आपली ओळख उघड करण्यास सर्वोच्च न्यायालयानें २०१८ च्या निपुण सक्सेना खटल्यांत हरकत मानलेली नाहीं. परंतु कॅमेऱ्यापुढें घाबरून हलविलेली मान ही संमति नव्हे. वार्ताहर जवळ नसतांना, तिच्याच बोलींत, हें मुकादमही वाचील असें तिला सांगून मग विचारावें. बातमी संध्याकाळपर्यंत हवी असते हें खरें. पण बाईला घरीं जाऊन नवऱ्याशीं, सासूशीं बोलावयाचें असतें, आणि कित्येक वाड्यांची शेवटची वाट अजून पायींचीच आहे.