विझलेली आग पुन्हा का पेटते?

(गतवर्षीच्या गणेशोत्सवात बिलासपूरच्या रेल्वे कॉलनीत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



साहित्य-संगीताच्या व्यासपीठावर तेलाच्या कढईवर बोलायला मला उभं केलंय, म्हणजे कार्यवाहांची अडचण केवढी असेल ते आलं लक्षात! मी साधा मेकॅनिकलचा डिप्लोमावाला, वॅगनखाली उमेदवारी केलेला. पण कॅन्टीन आणि विश्रामगृहांच्या स्वयंपाकघरांची देखभालही माझ्याकडे आली, आणि तिथे हातून झालेली एक चूक आज सांगायची आहे.

२००९ साली एका कॅन्टीनमध्ये नवा फ्रायर बसला. आगीची सोय म्हणून मी भिंतीवर सहा किलोचं एबीसी पावडरचं अग्निशामक टांगलं आणि रजिस्टरवर सही केली. एका सकाळी थर्मोस्टॅट अडकला. समोशांचं तेल तापत गेलं आणि पेटलं. आचाऱ्याने शिकवल्याप्रमाणे पावडर मारली, आग विझली. तो बर्नर बंद करायला वाकला आणि तेल भपकन पुन्हा पेटलं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तीन महिने त्याला झारा धरता आला नाही. चौकशीत ‘अग्निशामक चालू स्थितीत होते’ अशी नोंद झाली. कागदावर मी सुटलो.

का पेटलं? तळण होतं १७० ते १९० अंशांवर. तेल साधारण साडेतीनशेच्या पुढे गेलं की काडी न लावता पेटतं, आणि एकदा जळलेलं तेल त्याहून कमी तापमानालाही पेट घेतं. पावडर ज्वाळा मारते, तेल थंड करत नाही. पाणी ओतलं तर अनर्थच. एका लिटरची सुमारे १,७०० लिटर वाफ होते आणि ती पेटतं तेल छतापर्यंत उडवते.

अमेरिकेतल्या हॉटेलांनीही हे भोगलंय. चरबीऐवजी वनस्पती तेलं आली, ती जास्त तापमानाला पेटतात. फ्रायरही उष्णता धरून ठेवणारे आले, आणि जुन्या पावडरच्या यंत्रणा अपुऱ्या पडल्या. नोव्हेंबर १९९४ मध्ये यूएल ३०० ही कडक चाचणी लागू झाली आणि वेट केमिकल रूढ झालं.

हे म्हणजे पोटॅशियमच्या क्षारांचं पाण्यातलं द्रावण. घरी साबण केलेल्या भगिनी इथे असतीलच, त्यांना सांगायला नको की तेल आणि अल्कली एकत्र आले की साबण होतो. नेमकं तेच इथे घडतं. बारीक तुषार तापल्या तेलावर पडले की साबणाचा फेस धरतो, हवा तुटते, आणि तुषारातलं पाणी उष्णता ओढून घेतं. एबीसी पावडर आम्लधर्मी, तिचा साबण होत नाही. उलट ती तयार फेस मोडते.

पुढे त्याच कॅन्टीनसाठी मी अशा यंत्रणेचा आराखडा केला. नोझल उत्पादकाने चाचणीत ठरवलेल्या उंचीवरच हवं. जवळ असलं तर तेल उडतं, लांब असलं तर फवारा भलतीकडे जातो. हूडला आणि धुरांड्याला वेगळी नोझल्स, कारण तिथे तेलाचा राप बसतो. हूडमध्ये एक ताणलेली तार आणि तारेत उष्णतेने वितळणारी कडी. कडी वितळली की तार सुटते, द्रावण सुटतं आणि त्याच झटक्यात गॅसचा व्हॉल्व्ह बंद होतो. हा व्हॉल्व्ह नसेल तर बाकी खर्च पाण्यात, कारण खालून बर्नर तेल तापवतच राहतो. वीज लागत नाही. आपल्या मंडळींना कळेल असं सांगायचं तर ब्रेक पाइप तुटला की गाडीला ब्रेक आपोआप लागतात, तीच जात.

शिवाय हाताने ओढायची एक कडी असते. ती मी फ्रायरच्या बाजूलाच काढली होती. आराखडा बघून तोच आचारी म्हणाला, ‘साहब, आग के अंदर हाथ डालके खींचूँ क्या?’ मी तिथल्या तिथे खोडून ती दाराच्या वाटेवर नेली. डिप्लोमात हे कुणी शिकवलं नव्हतं.

सहा महिन्यांनी तपासणीला गेलो तर नोझलची टोपणं गायब आणि त्या तारेवर ओलं फडकं वाळत घातलेलं! तपासणी चुकवायची नसते ती यासाठी.

आता आपला उद्याचा महाप्रसाद. मंडपामागच्या कढईला ना हूड, ना तार. म्हणून सिलिंडर कढईपासून लांब, मंडपाबाहेर ठेवू. वेट केमिकलचं सहा लिटरचं अग्निशामक मागवलंय. कढईहून मोठं जाड पत्र्याचं झाकण शेजारी राहील. पेटलंच तर आधी गॅस बंद, मग झाकण, आणि तेल पुरतं निवेपर्यंत ते उचलायचं नाही, आत डोकवायचंही नाही. झाकणाचा पत्रा वर्कशॉपमधून आणलेला नाही, बाजारातून घेतलाय. पावती खजिनदारांकडे दिली आहे.