मूत्रपिंडाचा कर्करोग आणि शस्त्रक्रियेची प्रतीक्षा
(इगतपुरी येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आनंदाच्या मेळाव्यात रोगाचा विषय काढणे औचित्याला धरून नाही, ह्याची मला जाणीव आहे. तथापि "शस्त्रक्रियेला दीड महिन्यानंतरची तारीख मिळाली, तोवर रोग्याचे काय होईल?" हा प्रश्न आपल्या घरांतून विचारला जातो, आणि त्याचे उत्तर वडीलधाऱ्या मंडळींना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

इगतपुरीचा रोगी एकतर नाशिकला जातो, नाहीतर कसारा घाट उतरून मुंबईस, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात. १९४१ साली स्थापन झालेल्या ह्या रुग्णालयात साऱ्या देशातून रोगी येतात. तेव्हा प्रतीक्षा ओघानेच आली. तिची धास्ती घेऊन कोणी जमीन गहाण टाकतो आणि सापडेल तेथे शस्त्रक्रिया उरकून घेतो.

मूत्रपिंडाच्या बाबतीत ही घाई पुष्कळदा अनाठायी असते. ४ सेंटिमीटरपर्यंतची गाठ वर्षाला सरासरी सुमारे ३ मिलिमीटर वाढते. शिवाय अशा दर पाच गाठींपैकी जवळजवळ एक कर्करोगाची नसतेच. असे रोगी दोन-तीन महिने थांबले तरी त्यांच्या आयुर्मानात फरक पडल्याचे सहसा आढळलेले नाही. २०२० च्या कोविड साथीत जगभरच्या तज्ज्ञांनी अशा शस्त्रक्रिया जाणूनबुजून पुढे ढकलल्या. उलट थांबल्याने केवळ गाठ काढून मूत्रपिंड वाचवणारा शल्यविशारद गाठता येतो. मधुमेही वा रक्तदाबाच्या माणसाला हा लाभ लहान नव्हे.

परंतु गाठ ७ सेंटिमीटरहून मोठी असेल, तर महिनेच्या महिने दवडू नयेत. आणि रोग मूत्रपिंडाच्या शिरेतून महाशिरेत शिरून हृदयाच्या दिशेने चढू लागला असेल, तर एकेक आठवडा मोलाचा. तेथे तारीख अलीकडे आणण्याविषयी डॉक्टरांना विनवण्यास संकोच करू नये.

आकड्यांची एक गंमत सांगतो. रुग्णालयांच्या नोंदी चाळल्या, तर कधी कधी लवकर शस्त्रक्रिया झालेलेच अधिक दगावलेले दिसतात. कारण उघड आहे: ज्यांचा रोग बळावला होता, त्यांनाच आधी आत घेतले. म्हणून शेजारच्या रोग्याच्या तारखेशी आपली तारीख ताडून पाहण्यात अर्थ नाही.

खरा विलंब मात्र घरातच होतो. लघवीतून रक्त जाते, वेदना काडीची नसते. "उन्हाळी लागली असेल" म्हणून धन्या-जिऱ्याचे पाणी दिले जाते. दोन दिवसांत रक्त आपोआप थांबते आणि सोनोग्राफी राहून जाते. पुढे तारखेपूर्वीचे सहा आठवडे आपण बोटांवर मोजतो. ह्या गेलेल्या सहा महिन्यांचा हिशेब कोणी मागत नाही! २०२५ साली इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा टप्पा खुला होऊन मुंबई जवळ आली खरी. पण घराचा उंबरठा ओलांडण्यास कोणताही महामार्ग कामी येत नाही.

प्रतीक्षेच्या काळात विडी-सिगारेट बंद करावी, रक्तदाब ताब्यात आणावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका व आधारपत्र निदान होताच काढून ठेवावे आणि योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला प्रथम भेटावे. कागदांपायी तारीख हुकू देऊ नये. इतके सांगून मी आपली रजा घेतो.