वीस मिनिटं वर, तीनशे मीटर खाली



"ड्रोनवाले आले का?" मांडवापुढे गाडी थांबली की पहिली हाक हीच. गाडीतून आम्ही सातजण उतरतो. तिघे कॅमेऱ्यावर, एक मिक्सिंगला, दोन पोरं वायर ओढायला, आणि मी. पण आमचं बारसं झालंय ते तळहाताएवढ्या एका यंत्राच्या नावानं. सांगली जिल्ह्यात लग्नं, जत्रा, कुस्त्या आणि बैलगाडी शर्यती यांचं चित्रीकरण आणि थेट प्रसारण हा माझा धंदा. त्यात ड्रोन दिवसभरात फार तर पाऊण तास उडतो.

बॅटरीच्या खोक्यावर तीस मिनिटं लिहिलेली असतात. ती वारा नसलेल्या जगातली. आपल्याकडे वीस मिनिटं झाली की मी तो खाली घेतो, बॅटरी बरीच शिल्लक असतानाच, कारण परतीला वारा समोरून आला तर तेवढी चार्जिंग रस्त्यातच संपते. शिवाय घारी. आपल्या हद्दीत आलेला हा गुणगुणणारा पाहुणा त्यांना खपत नाही. घार झेपावली की ड्रोन सरळ वर न्यायचा, खाली पळवायचा नाही. हे मला एक ड्रोन शेतात शोधून झाल्यावर कळलं.

आणि मंगलाष्टका चालू असताना ड्रोन बंद. हा माझा नियम. सुरुवातीच्या काळात एका यजमानांच्या हट्टापायी मी तो होमाजवळ खाली आणला. पंख्यांच्या वाऱ्यानं राख उडाली ती भटजींच्या उपरण्यावर आणि नवरीच्या शालूवर. त्या लग्नाची उरलेली रक्कम मी मागितली नाही.

सरकारचे नियम वेगळे. २५ ऑगस्ट २०२१ ला नवे ड्रोन नियम आले आणि कागदपत्रं बरीच कमी झाली. अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचा दाखला लागत नाही. त्याहून जड ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर लागतो. त्यासाठी दहावी पास असावं लागतं आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण घ्यावं लागतं. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशात हिरवा भाग असेल तिथे ४०० फुटांपर्यंत मोकळीक. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते, आणि त्याच्या आत विचारल्याशिवाय काहीच नाही. आता कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला. त्या बाजूच्या कार्यालयातलं लग्न आलं की यजमानांना नकाशा दाखवावा लागतो. "अहो, शेजारच्यांच्या लग्नात उडवला होता की!" हे उत्तर ठरलेलं. दंड एक लाखापर्यंत होऊ शकतो असं सांगितलं की मग चहा येतो.

थेट प्रसारण मात्र आम्ही शोधून काढलं नाही, ते आमच्यावर येऊन पडलं. कोरोनामुळे २०२१ च्या एप्रिलात लग्नाला २५ माणसं आणि दोन तास एवढीच मुभा उरली. मामा-मावश्याच पंचवीस भरत होत्या. बाकीच्या गावानं लग्न मोबाइलवर बघितलं. निर्बंध उठले, पण सवय राहिली.

त्यातही एक गंमत आहे. कॉपीराइट कायद्यात लग्नाच्या वरातीत गाणी वाजवायला सूट आहे. पण यूट्यूबच्या यंत्राला ना कायदा कळतो ना वरात, त्याला फक्त सूर ओळखता येतो. बँडनं सिनेमातलं गाणं धरलं की कधी कधी प्रसारणच थांबतं, आणि दुबईतल्या काकांचा फोन येतो. म्हणून मी आधीच सांगतो, लाइव्ह चालू आहे तोवर हलगी वाजवा. हलगीवर अजून कुणी हक्क सांगितलेला नाही.

आमची खरी परीक्षा बैलगाडीच्या मैदानात. वर्षानुवर्षं बंद असलेल्या शर्यतींना सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये वाट मोकळी करून दिली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानंही शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा उचलून धरला. मैदानं पुन्हा भरू लागली. हजारो माणसं माळावर जमतात, आणि प्रत्येकाच्या हातात फोन. दहा वाजेपर्यंत टॉवर गुदमरतो, मग सिमकार्डावर भरवसा ठेवून बसलेला माणूस दिवसभर गोल फिरणारं चक्र बघत बसतो. म्हणून आम्ही आदल्या संध्याकाळी इंटरनेटसाठी गावातल्या केबलवाल्याला गाठतो. त्याच्या शेवटच्या खांबापासून स्टेजपर्यंत तीनशे मीटर वायर. ती नुसती टाकून चालत नाही. एकदा पाण्याच्या टँकरनं ती तोडली, ऐन फायनलला. तेव्हापासून कुदळ घेऊन चर मारतो आणि वायर पुरतो.

ड्रोन मैदानाच्या कडेनंच फिरवतो, बैलांच्या डोक्यावरून कधीच नाही. बैल बिथरला तर गाडीवानाच्या जिवावर बेततं. आणि प्रसारण वीस-पंचवीस सेकंद मागे असतं, त्याची तऱ्हा और. झेंडा पडून निकाल लागलेला असतो, गुलाल उधळलेला असतो, आणि मांडवाच्या सावलीत मोबाइल धरून बसलेले आजोबा ओरडणाऱ्यांना दटावत असतात, "गप रे, अजून गाड्या सुटल्या नाहीत!"

रेडिओवर बोलतोय म्हणून सांगत नाही, पण या सगळ्यात मोलाचा असतो आवाज. चित्र अडकलं तर माणूस थांबतो, आवाज गेला की निघून जातो. माझे वडील बाळ ज. पंडितांचं क्रिकेटचं मराठी समालोचन ऐकायचे. एकही चेंडू दिसायचा नाही, तरी सामना त्यांना पाठ. त्यामुळे नवीन पोरगा कामाला आला की मी त्याला आधी माइक देतो. समालोचकाला तो लावायचा, वारा लागू नये म्हणून स्पंज चढवायचा, आणि दिवसभर कानाला हेडफोन. ड्रोनचा रिमोट त्याला वर्षभर मिळत नाही. पोरं त्यावरून रुसतात. दोघे सोडूनही गेले.

गेल्या लग्नसराईत एका यजमानांनी हिशेबाच्या वेळी घड्याळ दाखवलं. म्हणाले, "तुमचा ड्रोन मोजून चाळीस मिनिटं उडाला. मग दिवसाचे पैसे कशाचे?" मी काही बोललो नाही, कारण माझ्या दोन्ही हातांत वायर होती. एक वेढा सरळ, एक उलटा, अशी ती गुंडाळावी लागते, नाहीतर आतून पिळते. पलीकडच्या टोकाला पोरगा चालत येत होता. त्यांनी थोडा वेळ बघितलं. मग पैशाचं पाकीट माझ्या खिशात कोंबलं आणि म्हणाले, "थांबा, ते टोक मी धरतो."