शिक्षा कोठे संपते?



तुरुंगाच्या प्रश्नावर बोलण्यास कायदेपंडित सोडून कामगार चळवळीतला माणूस का उभा केला, असे आपल्यापैकी कोणाच्या मनात येईल. त्याचे उत्तर ‘सक्तमजुरी’ या शब्दातच आहे. जेथे मजुरी आली, तेथे आमचा संबंध आलाच.

न्यायाधीश कैद्याचे स्वातंत्र्य काढून घेतो. त्याचा घाम फुकट घ्या, असे तो सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली गुजरातच्या प्रकरणात निवाडा दिला, की सक्तमजुरीच्या कैद्याकडून काम घेता येईल, पण त्याला रास्त मजुरी दिली पाहिजे. आणि त्या मजुरीतला काही भाग गुन्ह्याची झळ पोचलेल्यांना मिळावा, यासाठी राज्यांनी कायदा करावा. आम्हांला हा न्याय पटतो. जो कमावतो तोच भरपाई करू शकतो, आणि घरी चार पैसे धाडणारा माणूस तुरुंगातही बाप म्हणून उरतो.

हे स्वप्नरंजन नव्हे. औंध संस्थानात १९३९ साली राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांनी, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनियराच्या प्रेरणेने, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविले. भिंती नाहीत, बेड्या नाहीत. कैदी बायकामुलांसह राहतात आणि शेती कसतात. १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट याच प्रयोगावरून सुचला. बोलपट पाहून आपण डोळे पुसले. पण त्यातला माणूस उद्या कामासाठी दारात आला, तर आपण काय करू?

खरी कसोटी तेथे आहे. तुरुंगात सुतारकाम शिकून आलेला माणूस कारखान्याच्या फाटकावर येतो. हात तयार असतो; पण अर्जात एक रकाना असतो : ‘पूर्वी शिक्षा झाली आहे काय?’ खरे लिहिले तर काम नाही, खोटे लिहिले तर पुन्हा गुन्हा! न्यायालयाने दिलेली शिक्षा संपते. या रकान्याची संपत नाही.

आमचेच कामगार बंधू विचारतात, “प्रामाणिक माणूस बेकार असता चोराची वकिली कशाला?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर हिशेबाचे आहे. तुरुंगातला माल फुकटाच्या श्रमावर निघाला, तर बाहेरच्या कारागिराचा भाव पडतो. सुटलेल्या माणसाला कोणी उभे केले नाही, तर मुकादम त्याला निम्म्या दराने राबवितो, आणि तोच दर उद्या आपल्याला दाखवितो. म्हणजे त्याची मजुरी राखणे ही आपलीच मजुरी राखणे आहे.

तेव्हा आमचे मागणे दोनच गोष्टींचे आहे. तुरुंगात रास्त दाम; आणि शिक्षा भोगून आलेल्याला कामाची जात पाहून, जेथे धोका नाही तेथे, बरोबरीने काम. सरकारकडे पहिली मागू. दुसरी मात्र येथे बसलेल्या मालकांकडे, आणि तितकीच आमच्या संघटनांकडे, मागावी लागेल.